गुडघ्यांची चौकशी

प्रत्येक राष्ट्राला शेजारी असतो, आणि परराष्ट्र धोरणाची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. शेजारी नसता तर दूतावास, नकाशे, निषेधाचे कागद आणि मी, यांपैकी कशाचीच गरज पडली नसती. मी परराष्ट्र मंत्रालयात मसुदा लेखनिक आहे. देशाला जे वाटतं ते मी कागदावर उतरवते. (देशाला काय वाटतं हे मला सकाळी साडेदहाला सांगण्यात येतं.)

आमचं मंत्रालय लहान आहे. तीन मजले, एक्केचाळीस माणसं आणि एक लिफ्ट, जी दुसऱ्या मजल्यावर तत्त्वनिष्ठपणे बंद उभी आहे आणि जिची रोज हजेरी लागते. पण धोरणाच्या बाबतीत आम्ही कुणाला हार जाणार नाही. मोठमोठ्या देशांकडे एका वेळी एकच धोरण असतं म्हणे. आमच्याकडे सहा आहेत. सचिवसाहेबांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यात कप्प्याला एक याप्रमाणे ती नीट लावून ठेवलेली आहेत. दर तिमाहीला एक काढायचं, झटकायचं आणि वापरायचं.

वाचकांच्या माहितीसाठी त्यांचा थोडक्यात परिचय देते.

पहिल्या कप्प्यात अलिप्तता. कुणाच्याही भांडणात पडायचं नाही, आणि पडलेलो नाही हे दोन्ही बाजूंना वरचेवर कळवत राहायचं. यात टपालखर्च फार होतो.

दुसऱ्यात मैत्री. मैत्री शक्यतो लांबच्या देशाशी करावी असं मार्गदर्शक टिपणीत म्हटलं आहे, कारण जवळच्याशी केली तर ती निभवावी लागते.

तिसऱ्यात कणखरपणा. कणखरपणात आपण काहीच करत नाही, पण मोठ्या आवाजात करत नाही.

चौथ्यात दार बंद. याला विशेष कौशल्य लागत नाही, एक कुलूप लागतं.

पाचव्यात सांस्कृतिक प्रभाव, म्हणजे आमचं नृत्यपथक. ते आजवर तीनदा शेजारी पाठवण्यात आलं. पहिल्यांदा ते नाचून आलं, दुसऱ्यांदा सीमेवरूनच परत आलं आणि तिसऱ्यांदा परत आलंच नाही, तिकडेच नोकरीला लागलं. तेव्हापासून हा कप्पा रिकामा आहे; त्यात सचिवसाहेब डबा ठेवतात.

सहाव्यात वाट बघणे. या फायलीत एकही कागद नाही. सगळ्यात झिजलेली फाईल मात्र हीच आहे.

मी या कपाटाकडे मोठ्या आदराने बघत असे. मग टिल्ली झाली. टिल्ली माझी मुलगी, या कथेच्या वेळी नऊ महिन्यांची. ही सहाच्या सहा धोरणं ती एका सकाळीत, कसलीही टिपणी न वाचता, राबवून मोकळी होते. नऊ वाजता ती अलिप्त असते, सव्वानऊला मऊ भाताच्या वाटीशी मैत्री करते, साडेनऊला त्याच वाटीविरुद्ध कणखर होते. मग तोंड मिटून दार बंद. मग असं एक हसू, की वाटी धरणारी व्यक्ती विरघळलीच पाहिजे. आणि शेवटी ती माझ्याकडे नुसतं बघत बसते, आता ही बाई काय करणार याची वाट बघत. मी हरते. असा पराभव कुठल्याही राष्ट्राने इतक्या आनंदाने स्वीकारल्याची नोंद आमच्या दप्तरी नाही.

रजा संपल्यावर मी तिला मंत्रालयात आणू लागले. नियमाप्रमाणे मातांसाठी वेगळी खोली हवी. तशी ती आहे. तळमजल्यावर गोपनीय कागद फाडायच्या यंत्राची खोली होती, तिच्यावर दुसरी पाटी लावण्यात आली. यंत्र मात्र आतच राहिलं. त्याची घरघर सुरू झाली की टिल्लीचे डोळे मिटतात. कातरणांनी भरलेल्या मऊ गादीवर ती झोपते. (एका संपूर्ण युद्धविराम करारावर ती कुशी बदलते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.) ती झोपली की जी चाळीस मिनिटं मिळतात, तेवढीच दिवसभरातली माझी. त्यात मी जेवते, केस बांधते आणि कधीकधी नुसती तिच्या पापण्या बघत बसते.

आता शेजाऱ्याकडे वळू.

आमच्या आणि शेजारी देशाच्या मधे नदी आहे, नदीवर पूल आहे, पुलाच्या बरोबर मधोमध एक दिवा आहे. तो एकोणीस वर्षांपूर्वी गेला. म्हणजे खांब आहे, आतला बल्ब गेला. तो कुणी बदलायचा हा उभय राष्ट्रांमधला एकमेव वादाचा मुद्दा. जो बदलेल त्याने दिवा आपला मानला असा अर्थ होतो, आणि जो बदलू देईल त्याने तो सोडला असा अर्थ होतो. या काळात आमच्या मंत्रालयाने पाठवलेल्या पत्रांचा गोषवारा असा: चिंता १,४०६, तीव्र चिंता ६११, खेद १५८, आश्चर्य ९. एकूण २,१८४. दिलगिरी निरंक.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला, तिसऱ्या गल्लीत, माझी आई राहते.

मी लग्न करून पुलाच्या अलीकडे आले. तेव्हा अलिप्ततेची तिमाही होती, पुलावरचं फाटक उघडं होतं. टिल्ली झाल्यावर आई महिनाभर येऊन राहिली. शेवटच्या दिवशी तिने स्वतः विणलेली लोकरीची टोपी टिल्लीच्या डोक्यावर चढवली.

मी म्हटलं, "आई, उकडतंय तिला."

"वारा लागतो. कान झाकलेले बरे."

"अगं, घाम बघ मानेवर."

"आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?"

"वाढवलीस ना. म्हणूनच सांगतेय."

हे शेवटचं वाक्य मला आजही मसुद्यातून खोडता येत नाही. आईने टोपी काढली, घडी केली, टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि निघाली. पूल ओलांडताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. (गुडघ्यांमुळे तिला चटकन वळता येत नाही, हे मला नंतर सुचलं.)

त्यानंतर दहाच दिवसांनी मंत्रालयाने तिसरा आणि चौथा कप्पा एकत्र उघडला, आणि फाटक बंद झालं. फोनच्या तारा पुलावरूनच जात असल्यामुळे त्याही विचाराधीन झाल्या. आम्हा दोघींची मोठीच सोय झाली. ती येत नाही ती रागाने की फाटकामुळे, हे मला ठरवायची गरज उरली नाही. मी बोलत नाही ती हट्टाने की तारांमुळे, हे तिलाही. टपाल मात्र चालू होतं. ते बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याची आठवण आम्ही दोघींनीही कुणाला करून दिली नाही.

आठ महिने गेले. टिल्लीला खालचे दोन दात आले. मग एके सकाळी ती कागद फाडायच्या यंत्राला धरून उभी राहिली. डुगडुगत, स्वतःवरच खूश होत. आता ही आज-उद्या चालणार. पहिलं पाऊल एकदाच पडतं. ते आईने बघितलं नाही, तर मग तिला त्याचं वर्णन लिहून कळवण्यात काही अर्थ नव्हता.

त्याच दिवशी साडेदहाला मला कळवण्यात आलं की देशाला संताप आलेला आहे. शेजाऱ्यांनी रात्रीतून पुलावर, दिव्याच्या बरोबर खाली, एक लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं.

"स्टूल हा शब्द वापरायचा नाही," सचिवसाहेब म्हणाले. "वापरला म्हणजे ते तिथे आहे हे आपण मान्य केलं."

म्हणून मी लिहिलं: 'आपल्या बाजूने एकतर्फी ठेवण्यात आलेल्या सदर वस्तूची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. सदर वस्तू तात्काळ हटवण्यात यावी. अन्यथा आमचे सर्व पर्याय खुले आहेत.' आमची पत्रं बिनमायन्याची आणि बिननावाची असतात. (राष्ट्राला नाव घालून सही करता येत नाही.) फक्त खाली शिक्का.

तो मसुदा घेऊन मी तळमजल्यावर आले. टिल्ली मांडीवर झोपेला आली होती. मंत्रालयाच्याच कागदावर, त्याच निळ्या शाईने, मी दुसरं पत्र लिहायला घेतलं. मायन्याची जागा कोरी ठेवली. आठ महिने न बोललेल्या आईला काय म्हणून हाक मारायची ते शेवटी ठरवू, असं ठरवलं. ते पत्र असं:

'गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मधल्या पायरीवर थांबतेस का? मी आता रागावलेले नाही. म्हणजे होते, पण दमले. कोण बरोबर होतं ते मला चांगलं आठवतंय, पण त्याचा आता काही उपयोग होत नाही. दोन दात आलेत. एकदा येऊन बघून जा. तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही, तरी अडतं.'

एवढ्यात टिल्लीने दोन्ही कागद मुठीत धरले. एका हाताने तिला थोपटत, दुसऱ्या हाताने मुठी सोडवत मी पाकिटं भरली. नेमकं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

इथे कुणाला वाटेल की चूक माझ्या एकटीची होती, तर तसं नाही. आमच्या मंत्रालयातून कुठलंही पत्र सात जणांच्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. गुडघ्यांचं ते पत्र उघड्या पाकिटात सात टेबलांवरून फिरलं. सातही जणांनी लखोट्याला जोडलेल्या चिठ्ठीवर सह्या केल्या. सचिवसाहेबांनी समासात 'अधिक कडक हवं' असा नेहमीचा शेरा मारला. शेवटी जावक टेबलावरच्या काकूंनी शिक्का हाणला. काकू एकोणीस वर्षं शिक्का मारतायत.

"काकू, वाचून मारता का हो तुम्ही कधी?" असं मी त्यांना नंतर विचारलं.

"वाचत बसले तर मारू कधी गं?" काकू म्हणाल्या. "आणि पलीकडे तरी कोण वाचतंय!"

पलीकडे मात्र एकीने वाचलं. माझ्या आईने, तिच्या पाकिटात गेलेला संतापाचा मसुदा.

तिचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. पाकीट मंत्रालयाचं गेलं होतं, म्हणून उत्तरही मंत्रालयाच्या पत्त्यावर आलं. पलीकडून आलं म्हणून थेट बैठकीत गेलं. सचिवसाहेबांनी ते उभं राहून वाचून दाखवलं:

'सदर वस्तू हटवणार नाही. माझ्या हातची आहे आणि अजून तिचा उपयोग आहे. मंगळवारी सकाळी दहाला मी येते आहे. तेव्हा ती वापरात दिसली पाहिजे. तुझे पर्याय तुझ्यापाशी ठेव, मीच शिकवलेत ते तुला. पुलावर वारा असतो. कान झाकलेले असू देत.'

अक्षर मी पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. तिरकं, शेवटी शेपटी असलेलं. माझ्या प्रत्येक वहीवर ज्या अक्षरात नाव घातलं गेलं, ते. आई टोपीबद्दल लिहीत होती, आणि सगळं मंत्रालय स्टुलाबद्दल ऐकत होतं. सत्य सांगावं असं मला फार वाटलं, पण तसा कप्पा कपाटात नव्हता.

"एकेरी!" सचिवसाहेब म्हणाले. "युद्धाच्या आधी भाषा एकेरीवर येते."

"पण 'येते आहे' म्हणतायत," काकू म्हणाल्या. त्या इतिवृत्ताला बसल्या होत्या. "येणाऱ्याला बसायला काहीतरी लागेलच की. स्टूल राहू दे."

"आणि कान?"

यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी असा निष्कर्ष निघाला की कान झाकणे म्हणजे हेरगिरी न करण्याची हमी देणे, आणि अशी हमी याआधी कुठल्याही देशाने इतक्या स्पष्ट शब्दांत मागितलेली नाही. भांडारातून एक्केचाळीस लोकरी कानटोप्या मागवण्याचा आदेश निघाला.

त्या संध्याकाळी दुसरं पत्र आलं. हे मात्र खरोखरच शेजारच्या परराष्ट्रमंत्र्यांचं होतं. त्या वयस्कर बाई आहेत, असं आम्ही ऐकून होतो. पत्र हातानं लिहिलेलं होतं:

'गुडघे बरे नाहीत. मागच्या वर्षी त्या दिव्याची पाहणी करायला एकटीच पुलावर गेले होते, अंधारात पडले. ही गोष्ट आमच्या मंत्रिमंडळालाही ठाऊक नाही, तुम्हाला कशी कळली याचं नवल वाटतं. पण खरं सांगू, त्याहून नवल याचं की विचारावंसं वाटलं. एकोणीस वर्षांत इकडच्यांनीही विचारलं नव्हतं. स्टूल त्यासाठीच ठेवलं, मला मधे बसावं लागतं. दातांचं नीट कळलं नाही, पण मंगळवारी आमच्याकडे सुट्टी असते, तेव्हा येऊन बघते.'

आमच्या गुप्तवार्ता विभागाला त्याच दिवशी पदक जाहीर झालं. (विभागात एकच गृहस्थ आहेत. त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं आणि माहिती कशी मिळवली हे सांगायला बाणेदारपणे नकार दिला.)

मंगळवारी दहाला फाटक उघडलं. पुलाच्या अलीकडे आमचं अख्खं मंत्रालय ओळीने उभं होतं, कानटोप्या घालून, घाम पुसत. वारा अजिबात नव्हता. ऊन मी म्हणत होतं. मधे दिव्याखाली ते लाकडी स्टूल. त्याला धरून, माझ्यापुढे, टिल्ली उभी होती, कारण वस्तू वापरात दिसली पाहिजे अशी अट होती, आणि त्या वस्तूला हात लावायला दुसरं कुणी धजावत नव्हतं. टिल्लीची टोपी मी आठवणीने आणली होती. तिनं ती दोनदा काढून नदीच्या दिशेने भिरकावली. दुसऱ्यांदा ती नदीतच गेली.

पलीकडून दोन बायका येत होत्या. फार हळू. एकमेकींचा दंड धरून, चार पावलं टाकून थांबत. एक त्यांच्या परराष्ट्रमंत्री, दुसरी माझी आई. फाटकापाशी ओळख झाली असावी. गुडघे दुखणाऱ्या बायकांना ओळखीला वेळ लागत नाही.

आई स्टुलापासून दोन हातांवर येऊन थांबली. तिने आधी ओळीत उभ्या एक्केचाळीस कानटोप्या बघितल्या, मग मला, माझ्याही डोक्यावरची. मग टिल्लीचं उघडं, कुरळं डोकं. मी श्वास रोखून धरला. सचिवसाहेबांनीही धरला, वेगळ्या कारणाने.

"टोपी कुठाय हिची?" आईने विचारलं.

"फेकली. नदीत."

आईने नदीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूही फेकायचीस. पाच विणल्या तुला मी."

एकोणीस वर्षांत उभय बाजूंकडून देण्यात आलेली ही पहिली कबुली. त्यावर माझ्याकडून काही उत्तर जायच्या आत टिल्लीने स्टूल सोडलं. कुणाची मंजुरी नाही, सात सह्या नाहीत, शिक्का नाही. हात वर करून, एक पाऊल. मग दुसरं. आणि तिसऱ्याला ती सरळ आईच्या पातळाच्या निऱ्यांमध्ये जाऊन आदळली. सीमारेषा दुसऱ्या पावलाच्या खाली होती, हे नंतर मोजणीत निष्पन्न झालं.

आईला खाली वाकता येईना, म्हणून ती स्टुलावर बसली आणि तिने टिल्लीला मांडीवर घेतलं. मला काही दिसेनासं झालं. कानटोपी डोळ्यांवर आली होती, असं मी इतिवृत्तात नोंदवलं आहे.

"बघू हो ते दात," परराष्ट्रमंत्री म्हणाल्या आणि त्यांनी बोट पुढे केलं. टिल्ली कडकडून चावली.

"आई गं!" त्या ओरडल्या आणि हसायला लागल्या. ही घटना आमच्या दप्तरात 'स्वागत' या सदराखाली आहे.

तेव्हापासून फाटक रोज उघडं असतं. आई दर मंगळवारी येते, टिल्लीला टोपी घालते, टिल्ली फेकते, आई दुसरी काढते. मी काही बोलत नाही. हे अलिप्ततेचं सर्वात प्रगत रूप आहे.

मंत्रालयाने मात्र या यशाचा सखोल अभ्यास केला. कपाटातला पाचवा कप्पा रिकामा करून (डबा आता खिडकीत असतो) तिथे 'गुडघे-धोरण' ठेवण्यात आलं. एक छापील नमुना तयार झाला: 'आपल्या गुडघ्यांची प्रकृती कशी आहे, ते तीन प्रतींत कळवावे.' पहिल्या सहा महिन्यांत असे २१२ नमुने गेले. 'समाधानकारक' असं उत्तर आलं ते २०९ वेळा. दोन देशांनी चौकशीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली, आणि एकाने आपल्या देशात गुडघे नसल्याचं कळवलं. सह्या सातच आहेत. काकू शिक्का मारतात.

दिव्यासाठी संयुक्त समिती नेमली आहे. बल्ब स्टुलावर चढून कुणालाही बदलता येईल, असं तिच्या प्राथमिक अहवालात म्हटलंय. स्टुलावर कुणी चढायचं हा मुद्दा पुढच्या बैठकीत येईल.

परराष्ट्र धोरण हा सामान्य माणसाचा विषय नाही असा एक गैरसमज आहे. म्हणून शेवटी वाचकांसाठी एक छोटा तक्ता. हे वाचताना मधेच कुठेतरी ज्या एका माणसाचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येऊन गेला, त्याच्याबाबत तुमचं चालू धोरण कपाटातल्या सहांपैकी कुठलं, ते मनातल्या मनात भरावं. तारा विचाराधीन आहेत असं लिहू नये. तुमचा फोन तुमच्या हातात आहे.

बहुतेकांनी सातवंच काहीतरी लिहिलं असेल: 'त्याने आधी बोलावं, मग बघू.' तर त्याबद्दल कळवण्यास खेद वाटतो की असा प्रस्ताव आमच्याकडेही एकदा आला होता. स्टुलाला वस्तू म्हणणाऱ्या, बंद लिफ्टची रोज हजेरी घेणाऱ्या आमच्या या मंत्रालयाने तो, फारच पोरकट आहे म्हणून, एकमताने फेटाळला होता.